मधल्या वेळेचा धनी

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कचेरीत तिचं टेबल दाराशीच होतं. आत येणाऱ्याला आधी ती दिसायची, मग बाकीची मंडळी. टेबलावर दोन फोन, एक पाण्याची बाटली आणि खडीसाखरेची डबी. दिवसभर बोलून घसा बसतो, त्यावर तिचा तोच इलाज.

काम सांगायला सोपं होतं. कुठंतरी लिफ्ट बंद पडते, लोक फोन करतात. तो उचलायचा, पत्ता घ्यायचा, मेकॅनिकला कळवायचं आणि तापलेल्या माणसाला सांगायचं, "माणूस निघालाय." माणूस खरोखर निघालेला असो नाहीतर चहा पीत बसलेला असो. दर वेळी तेच वाक्य आणि तोच गोड आवाज. मेकॅनिक लोक तिला पाठीमागे 'निघालायताई' म्हणत, समोर नुसतं 'ताई'. तिच्या कानावर ते आलं होतं. ती म्हणायची, "नावं ठेवायला तरी माझी आठवण येते ना, पुष्कळ झालं."

फोनवर बसण्याआधी ती एका शेडमध्ये शर्टांच्या कॉलरी शिवत होती. एकदा सुई बोटातून आरपार गेली आणि नखाखाली टोक मोडून राहिलं. बोट बरं झालं, पण मशीनवर बसलं की हात थरथरायचा. मग नवऱ्याच्या ओळखीनं ही जागा मिळाली. पहिल्या वर्षी तिला लिफ्ट म्हणजे खोली आणि दोरी एवढंच माहीत होतं. पुढं ऐकून ऐकून ती बरंच शिकली. "दार लागतंय का? आत दिवा आहे? खडखड आधी झाली की थांबल्यावर?" असे दोनचार प्रश्न विचारले की मेकॅनिकनं कोणती पिशवी न्यायची हे तिला कळायचं. पण लिफ्टच्या टपावर ती कधी चढली नव्हती, आणि ऐकणं आणि हात काळे करणं यात फरक असतो हे ती जाणून होती. त्यामुळं मेकॅनिक लोकांचं तिच्याशी बरं जमायचं.

कचेरीत एक फळा होता. त्यावर प्रत्येकाचा रकाना. फोन वेळेवर उचलला का, हा ताईचा. मेकॅनिक वेळेवर पोचला का, हा वस्तादांचा. ते सगळ्या मेकॅनिकांत थोरले, निवृत्तीला टेकलेले, आणि बाकीचे त्यांच्या हाताखाली तयार झालेले. सुटा भाग मागितल्यावर वेळेत काढून दिला का, हा स्टोअरच्या भाऊंचा. भाऊ साधा खिळाही सही घेतल्याशिवाय देत नसत. सगळे त्यांना 'कुलूप' म्हणत, आणि भाऊंना ते बिरुद वाटायचं.

हे तिन्ही रकाने महिनोन्‌महिने हिरवे असत. सगळ्यात खाली चौथा रकाना होता. लिफ्ट एकूण किती वेळ बंद राहिली? तो कायम लाल.

आधीचे साहेब म्हणायचे, "हा आपल्या सगळ्यांचा आकडा आहे." सगळे माना हलवायचे. बारभाईंचा कारभार. साहेब बदलून गेले, भिजत घोंगडं तसंच राहिलं.

त्यांच्या जागी मॅडम आल्या. वयानं लहान, ताईच्या धाकट्या बहिणीएवढ्या. पहिले काही दिवस त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. मेकॅनिकांबरोबर फिरल्या, लिफ्टखालच्या खड्ड्यात, पिटात, उतरल्या, कपडे खराब करून घेतले. मग एका सकाळी त्यांनी सगळ्यांना फळ्यासमोर बोलावलं आणि लाल आकड्यावर बोट ठेवलं.

"हा कुणाचा?"

"सगळ्यांचा," भाऊ म्हणाले.

"सगळ्यांचा म्हणजे? बिघडला तर मी कुणाला विचारू?"

"आजवर विचारलंच नाही कुणी," वस्ताद म्हणाले. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"फाशी कुणाला द्यायची ते ठरतंय का आज?" भाऊंनी विचारलं. "मग माझं स्टोअर उघडं पडलंय, मी येतो."

"थांबा भाऊ. फाशी नाही, पण मला विचारायला एक माणूस हवाय." मॅडमनी खडू खाली ठेवला. "वरच्या कचेरीचं म्हणणं असं आहे की फोन इथं घ्यायची गरज नाही. सगळ्या शाखांचे फोन एकाच ठिकाणी घ्यायचे, दूर कुठंतरी. महिनाअखेर ते आपला हा आकडा बघणार. ते म्हणतात तेवढा खाली आला नाही, तर हे टेबल उठणार."

सगळ्यांनी ताईच्या टेबलाकडं पाहिलं. ताईनंही पाहिलं. खडीसाखरेच्या डबीचं झाकण उघडं राहिलं होतं, ते तिनं लावलं.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "हा आकडा आजपासून तुमचा."

"माझा? मॅडम, मी साधा स्क्रू फिरवत नाही."

"फिरवू नका. फिरवणारे आहेत. लिफ्ट बंद पडली हे पहिल्यांदा कळतं तुम्हाला. खरंच चालू झाली का, हेही तुम्हालाच कळतं, कारण झाली नाही तर शिव्या खायला तुम्हीच असता. दोन्ही टोकं दुसऱ्या कुणाच्या हातात नाहीत."

"म्हणजे आता आम्ही फोनला जबाब द्यायचा," वस्ताद म्हणाले. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

घरी गेल्यावर तिनं हे सांगितलं तेव्हा सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"नाही म्हण. डोकं दुखतं म्हण. नाव लागलं की बोलणी आलीच."

"नाही म्हटलं तरी टेबल जाणारच आहे, आई."

"मग गेलेलं बरं. बोलणी खाऊन जाण्यापेक्षा न खाता गेलेलं काय वाईट?"

नवरा मालाचा टेम्पो चालवायचा. त्याची कामं कधी असायची, कधी नसायची, म्हणून घराचा भरवसा तिच्या नोकरीवर होता. तो जेवता जेवता म्हणाला, "आमच्यात एक पद्धत आहे. टेम्पोत माल भरला की उतरेपर्यंत तो ड्रायव्हरच्या नावावर. फुटला तर फोडला कुणी हे मागाहून बघतात. आधी ड्रायव्हरला विचारतात."

"आणि मग?"

"मग काय, ड्रायव्हर भरणाऱ्याच्या उरावर बसतो. नीट भर म्हणून."

तिनं त्यातलं उरावर बसणं तेवढं घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या पाठीच लागली. "कुठं आहेस? पोचलास? उघडलंस? झालं का? अजून का नाही?" मेकॅनिक लिफ्टच्या टपावर वाकलेला असायचा, दोन्ही हात तेलात, आणि खिशात फोन वाजत राहायचा. उचलला नाही तर पुन्हा वाजायचा. मेकॅनिकांत सगळ्यात तरुण होता लंबू. हात चांगला, पण धीर कमी. एकदा त्यानं खांद्यानं फोन कानाला दाबून धरला आणि तो सटकून थेट खाली पिटात पडला.

संध्याकाळी लंबू फुटलेला फोन घेऊन तिच्या टेबलापाशी उभा राहिला. "ताई, आता हाक मारायची असेल तर जिन्यातून मारा."

सगळे हसले, तीही हसली. पण फळ्यावरचा आकडा खाली यायचं नाव घेत नव्हता, उलट वर गेला होता. तिच्या फोनला उत्तर देण्यात मेकॅनिकांचा वेळ जायचा आणि चिडचिड व्हायची ती वेगळीच. वस्ताद तर आता तिचा फोन आला की नुसतं "हं" म्हणून ठेवून द्यायचे.

अशात एका उंच इमारतीची लिफ्ट बंद पडली. इमारत जुनी आणि माणसं म्हातारी, त्यामुळं सकाळपासून फोनची रीघ. लंबू गेला. त्यानं पाहून सांगितलं की चौथ्या मजल्यावरच्या दाराचा कॉन्टॅक्ट गेलाय, नवा लागेल. प्रत्येक मजल्याच्या दारावर असा एक कॉन्टॅक्ट असतो. दार पुरतं लागलं तरच तो जुळतो आणि तो जुळल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. वस्तू छोटी, पण सगळ्यांचा जीव तिच्यावर असतो. लंबूनं भाग मागितला, आपलं पोचणं नोंदवलं आणि पुढच्या कामाला गेला. पोचण्याचा रकाना हिरवा.

दुसऱ्या दिवशीही लिफ्ट बंदच. महिना अर्धा उलटला होता आणि ताईचा धीर सुटला होता. तिनं लंबूला परत पाठवलं. तो म्हणाला, "ताई, भाग नाही आला अजून."

"ते मला सांगू नकोस. काहीही कर, पण आज ती चालू कर."

तासाभरानं त्याचा निरोप आला: चालू झाली. तिनं खडीसाखरेचा मोठा खडा तोंडात टाकला.

थोड्या वेळानं त्याच इमारतीतून एका बाईंचा फोन आला. या बाई रोज भांडायच्या, आज मात्र आवाज गोड होता.

"अहो, तुमच्या त्या उंच मुलाला शाबासकी द्या. चौथ्या मजल्याचं दार अजून नीट लागत नाही, चांगली हातभर फट राहते. तरी लिफ्ट चालतेय! अडून बसत नाही पूर्वीसारखी."

ताईच्या तोंडातला खडा तसाच राहिला.

"काय म्हणालात? दार उघडं असताना चालते?"

"हो ना, तेच सांगतेय. कौतुक करायला फोन केला."

तिला लिफ्ट दुरुस्त करता येत नव्हती. पण इतक्या वर्षांत एवढं तिला पक्कं कळलं होतं: दार उघडं असताना लिफ्ट हलता कामा नये. हलली, तर कुणीतरी त्या दारातून आत पाऊल टाकेल आणि तिथं लिफ्ट नसेल.

समोरच्या फळ्यावर तिचा आकडा होता. लिफ्ट चालू म्हणून नोंद होती. बंद करायला सांगितली तर तो आणखी चढणार आणि महिना हातचा जाणार. वस्तादांना विचारावं, मॅडमना विचारावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. वस्ताद गावाच्या दुसऱ्या टोकाला होते, मॅडम वरच्या कचेरीत. विचारेपर्यंत कितीजण त्या दारातून जातील?

"बाई, असं करा," ती त्यांना म्हणाली, "आत्ता खाली वॉचमनला हाक मारा. फोन ठेवू नका, त्याच्या हातात द्या."

वॉचमन आला. तिनं त्याला मेन स्विच कुठं असतो ते सांगितलं, पाडायला लावला आणि लिफ्ट थांबली हे त्याच्या तोंडून ऐकलं. "आता दाराशी खुर्ची टाकून बस. आमचा माणूस येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नकोस."

बाईंनी फोन परत घेतला. गोडवा संपला होता. "अहो, तुम्ही वेड्या आहात का? दोन दिवसांनी चालू झाली आणि बंद काय करता? आम्ही म्हातारी माणसं—"

"म्हणूनच बंद केली. दुरुस्ती अर्धी झालीय. मी बंद करायला सांगितली, तक्रार करायची असेल तर माझ्या नावानं करा."

"माणूस कधी येतोय?"

निघालाय, असं तोंडावर आलं होतं. तिनं ते गिळलं. "अजून निघाला नाही. पाठवते आणि तुम्हाला कळवते."

मग तिनं वस्तादांना फोन लावला. त्यांनी नेहमीसारखं "हं" केलं. पण तिनं सांगितलेलं ऐकल्यावर पलीकडं हत्यारं पिशवीत टाकल्याचा आवाज आला. हातातलं काम त्यांनी दुसऱ्याकडं सोपवलं आणि थेट त्या इमारतीत गेले.

संध्याकाळी ते आले ते बोटाएवढा तारेचा तुकडा घेऊन. तो त्यांनी ताईच्या टेबलावर टाकला. कॉन्टॅक्टची दोन टोकं या तारेनं जोडली होती. लिफ्टला वाटत होतं दार लागलंय.

लंबू भिंतीला टेकून उभा होता. वस्ताद त्याच्याकडं वळले. "गाढवा, हे शिकवलं का तुला मी? तुझी आई चढली असती त्या लिफ्टमध्ये तर लावली असतीस का ही तार?"

"भाग संध्याकाळी येईल म्हणून तात्पुरती लावली होती, वस्ताद. परत जाऊन काढणारच होतो."

"आणि तोवर?"

लंबू पुटपुटला, "ताई म्हणाल्या, काहीही कर."

मॅडम नुकत्याच आल्या होत्या, दारातच थांबल्या. भाऊ स्टोअरच्या खिडकीतून डोकावत होते. खापर फोडायला डोकं शोधायची वेळ आली की लोक जवळ येतात.

"म्हणाले मी," ताई म्हणाली. "त्यानं तार लावली ती चूकच. पण घाई माझी होती. मला वाटलं आकडा माझा म्हणजे सगळ्यांना ढोसणं माझं."

वस्तादांनी खुर्ची ओढली. त्यांचा आवाज उतरला होता. "बंद कुणी करायला सांगितली?"

"मीच."

"मॅडमना विचारून?"

"नाही. वेळ नव्हता."

"आकडा चढला असेल."

"चढला."

वस्तादांनी तारेचा तुकडा उचलून खिशात टाकला. "बरं केलंत," एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकायला काही मेकॅनिकांनी दहा दहा वर्षं घालवली होती.

ताईनं मात्र विषय सोडला नाही. "वस्ताद, एक ठरवू. लिफ्ट उघडल्यावर तिला किती वेळ लागेल ते तुमचं काम. त्यात मी तोंड घालणार नाही. मेकॅनिक बंद ठेवा म्हणाला तर बंद, मी लोकांना तोंड देईन. पण तुमच्या माणसानं हत्यार खाली ठेवल्यापासून पुन्हा उचलेपर्यंतचा वेळ माझा. त्यात मी सगळ्यांना विचारणार, आणि सगळ्यांनी सांगायचं."

"मधला वेळ," मॅडम म्हणाल्या.

"हो, मधला. त्याला आजवर धनीच नव्हता."

"तो असतो तरी केवढा?" वस्ताद म्हणाले.

"ते मलाही बघायचंय."

ती तशीच उठून स्टोअरच्या खिडकीशी गेली. इतक्या वर्षांत ती तिथं कधी गेली नव्हती; जायचं कारणच नव्हतं. खिडकीबाहेर एक फळी होती. तिच्यावर कागदात गुंडाळलेली एक पुडी, आणि पुडीवर कुणाचातरी रिकामा चहाचा कप.

"भाऊ, हे काय आहे?"

"दाराचा कॉन्टॅक्ट. त्या उंच इमारतीचा."

"कधी काढला?"

"काल. मागणी आली की लगेच काढला. माझ्याकडं उशीर नसतो." भाऊंनी अभिमानानं मिशीवरून बोट फिरवलं.

"मग इथं का पडलाय?"

"न्यायला कुणी आलं नाही."

"लंबू तर भाग नाही आला म्हणून बसलाय!"

"त्याला कुणी सांगितलं तर कळेल ना."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

भाऊ खरोखरच चकित झाले. "मी? मी कुणाला सांगायचं? मागितला, काढला, फळीवर ठेवला. माझं काम झालं. ज्याचा आहे त्यानं यावं."

लंबू मागून म्हणाला, "मी मागितला आणि पुढच्या कामाला गेलो. मला वाटलं, आला की फोनवरून कळेल."

"आणि मला वाटलं," ताई म्हणाली, "भाग आला की तुम्ही लोक आपापसात बघता."

घोडं कुठं पेंड खात होतं ते तिथं, त्या फळीवर, चहाच्या कपाखाली सापडलं. कुणी आळशीपणा केला नव्हता. मागणारा वेळेत पोचला होता, देणाऱ्यानं वेळेत दिलं होतं, तिनं फोन वेळेत उचलला होता. प्रत्येकानं आपल्या वाट्याचं चोख केलं होतं आणि म्हातारी माणसं दोन दिवस जिने चढत होती. काम करणं वेगळं आणि काम होणं वेगळं. पहिल्याला घाम लागतो. दुसऱ्याला घामही लागतो आणि शेवटपर्यंत मागं उभा राहणारा एक माणूसही.

वस्ताद पुडी घेऊन स्वतः निघाले. "चल रे," लंबूला म्हणाले, "आणि पिशवी तूच उचल." नवा कॉन्टॅक्ट बसला, अडकणारं दारही सरळ झालं आणि अंधार पडायच्या आत लिफ्ट चालू झाली. लंबूनं फोन केला तेव्हा ताईनं नोंद केली नाही. तिनं त्या भांडणाऱ्या बाईंना फोन लावला. "दार लागतं का बघून सांगा. पुरतं."

"लागतं. फट नाही." मग बाई म्हणाल्या, "उघडं ठेवून पाहिलं. हलत नाही."

"बरोबर. तेच हवं होतं."

मग तिनं नोंद केली.

त्या दिवसापासून पद्धत बदलली. ज्या लिफ्टला जो मेकॅनिक पहिल्यांदा हात लावील, ती शेवटपर्यंत त्याची. भाग फळीवर आला की भाऊंनी ताईला कळवायचं. भाऊ आधी कुरकुरले. "म्हणजे मी आता निरोप्या." दोनतीन दिवसांत त्यांना त्यात गोडी लागली. फोन करून म्हणायचे, "ताई, तुमचं बाळ फळीवर रडतंय, कुणी उचलणार आहे का?" त्या बाजूला जाणारा जो कुणी असेल त्याच्याबरोबर ताई बाळ पाठवून द्यायची. आणि इमारतीतले लोक 'चालू झाली' म्हणाल्याशिवाय फळ्यावर लिफ्ट चालू व्हायची नाही.

तिचे फोन कमी झाले. मेकॅनिकला ती एकच विचारायची, "माझ्याकडून काय अडलंय?" वस्ताद म्हणाले, "अडलं असेल तर मीच करीन फोन, बसा निवांत." आणि खरंच करू लागले.

लोकांशीही ती आता खरं बोलायची. "भाग उद्या येणार आहे, आज नाही होणार." काही जण भडकायचे. पण तासातासाला पुन्हा फोन करणारे कमी झाले. कुणी एक आजोबा म्हणाले, "निदान कळलं तरी. मग आज मुलीकडंच राहतो."

महिना संपला. वरच्या कचेरीतून मोठ्या साहेबांचा फोन आला, मॅडमना. मॅडमनी ऐकून घेतलं आणि फोन ताईपुढं धरला. "आकड्याबद्दल विचारतायत. तुमचा आहे."

ताईनं डबी बाजूला सारली आणि फोन घेतला. लंबू दाराबाहेर निघाला होता, तो उंबऱ्यातच थांबला.

"आकडा उतरलाय," साहेब म्हणाले, "पण आम्ही म्हटलं तेवढा नाही."

"नाही, साहेब."

"मधेच एका दिवशी उंच गेलाय. तो दिवस नसता तर जमलं असतं. काय झालं होतं?"

"एक लिफ्ट मी बंद ठेवली."

"चालू असलेली?"

"चालू होती, पण चालायला नको होती. दाराचा कॉन्टॅक्ट गेला होता." तिनं तार कशी लागली, का लागली, घाई कुणाची होती, भाग कुठं पडून होता, सगळं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही, स्वतःचं सोडून.

"बंद करायला परवानगी कुणाची घेतलीत?"

"कुणाचीच नाही. आकडा माझा होता. तो माझ्या हातानं चढवला, तर उत्तर मलाच द्यायचं होतं. म्हणून देतेय."

पलीकडं बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. मग साहेब म्हणाले, "बाकीच्या शाखांत मी हाच प्रश्न विचारला. सगळीकडं मला सांगतात, चौकशी करून कळवतो. फोन तूर्त तुमच्याकडंच राहू दे. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलू. तुमच्याशीच."

तिनं फोन ठेवला. "तूर्त राहतंय," ती म्हणाली.

"तूर्त म्हणजे किती?" भाऊंनी खिडकीतून विचारलं.

"पुढच्या महिन्यापर्यंत."

"चला, टेबल हलवायचे कष्ट वाचले. त्याचा एक पाय तसाही लुळा आहे."

लंबूनं उंबऱ्यातूनच शीळ घातली. वस्तादांनी उठून टेबलाचा तो पाय पाहिला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि खाली बसून पाय आवळायला लागले.

मॅडम फळ्याजवळ गेल्या. "आता आलाच आहात सगळे, तर एक उरलाय. दुरुस्त केलेली लिफ्ट थोड्याच दिवसांत पुन्हा बंद पडते, तो आकडा. तोही आजवर सगळ्यांचाच होता. कुणी घेतंय?"

सगळे छताकडं बघायला लागले. छताला पंखा होता, तो काही बोलेना.

"माझा," टेबलाखालून आवाज आला.

मॅडमनी वाकून पाहिलं. वस्ताद पाय आवळतच होते.

"पण अट आहे. जुन्या लिफ्टला लंबू माझ्याबरोबर येणार. एकट्यानं नाही. आणि जिथं मला शंका आहे तिथं मी थांबणार, पुढचा फोन वाट बघेल. मग ताईंनी मधल्या वेळेवरून कटकट करायची नाही."

"थांबणं म्हणजे काम, त्यात मी बोलत नाही," ताई म्हणाली. "पण किती थांबणार ते दिवसातून दोनदा विचारणार."

"एकदा."

"दोनदा."

"एकदा, ताई. माझे हात रिकामे नसतात."

"बरं, एकदा. पण 'हं' म्हणून ठेवायचं नाही. पुरतं वाक्य बोलायचं."

वस्ताद टेबलाखालून बाहेर आले. गुडघे झटकले, टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. हललं नाही.

"पुरतं वाक्य," ते म्हणाले. "बघतो जमतं का."